कायदा सर्वांना वाचता यावा

२०१७ च्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या वसतिगृहात राहून इयत्ता आठवीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याची आई त्याला भेटावयास आली होती. गावच्या भर चौकात तिच्या पतीला जातिवाचक शिवीगाळ झाली होती आणि पोलीस ठाण्यात गुन्हाही नोंदला गेला होता. त्यानंतर गावात मजुरी मिळेनाशी झाली. शासनाकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याची चौकशी करण्यासाठी ती माउली एका कार्यालयात गेली. तेथील कर्मचाऱ्याने कपाटातून एक पुस्तक काढले, त्यातील तक्त्यावर बोट ठेवले आणि दोषारोपपत्र न्यायालयात दाखल झाल्याखेरीज पहिला हप्ता देता येत नाही, असे सांगून तिला परत पाठविले. तो कर्मचारी खोटे बोलत नव्हता. त्याच्या पुढ्यातील पुस्तकात तसेच छापलेले होते. मात्र ते पुस्तक जुने झाले होते.

त्या रात्री आम्ही काही शिक्षक विद्यालयाच्या संगणकापुढे बसलो आणि भारताच्या राजपत्राच्या संकेतस्थळावर शोध घेतला. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) नियम, १९९५ यांत १४ एप्रिल २०१६ रोजी सुधारणा झाल्याचे आढळले. सुधारित तक्त्यानुसार अशा गुन्ह्यात पीडिताला एक लाख रुपयांचे साहाय्य देय होते आणि त्यातील एक चतुर्थांश रक्कम प्रथम खबर नोंदली जाण्याच्या टप्प्यावरच द्यावयाची होती. तातडीचे साहाय्य सात दिवसांत पोहोचविण्याची जबाबदारीही नियमांनी प्रशासनावर टाकलेली होती. राजपत्र हिंदी व इंग्रजी भाषांत होते; म्हणून आमच्यातील एका शिक्षकाने आवश्यक तेवढा भाग मराठीत उतरवून दिला. राजपत्राची छापील प्रत आणि मराठी उतारा घेऊन ती माउली पुन्हा त्याच कार्यालयात गेली. कर्मचाऱ्याने कागद वाचला, त्यावरील दिनांक पाहिला आणि अर्ज स्वीकारला.

नियम बदलून सव्वा वर्ष उलटले होते. ज्यांच्यासाठी तो बदलला त्यांना त्याचा पत्ता नव्हता आणि ज्यांनी अंमलबजावणी करावयाची त्यांच्या कपाटातही तो पोहोचला नव्हता. या प्रसंगाने आम्हांस एक गोष्ट शिकविली. न्याय्य कायदा होणे हे अर्धेच काम असते. तो कायदा आज ज्या शब्दांत लागू आहे त्या शब्दांत, विनामूल्य, प्रत्येकाला वाचता येणे हे उरलेले अर्धे काम होय. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या उरलेल्या अर्ध्या कामाविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्हांस वाटते.

अज्ञानाची सबब आणि राज्याचे कर्तव्य

कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायालयात चालत नाही, हे तत्त्व आपण अनेकदा ऐकतो. त्या तत्त्वाची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. नागरिकाने कायदा जाणून घ्यावा अशी अपेक्षा करावयाची असेल, तर राज्याने तो आधी जाहीर केला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात हेच सांगितले. जयपूर संस्थानाच्या मंत्रिपरिषदेने डिसेंबर १९२३ मध्ये ठराव करून अफूविषयक कायदा संमत केला होता. तो राजपत्रात प्रसिद्ध झाला नाही, की अन्य कोणत्याही मार्गाने लोकांना कळविला गेला नाही. पुढे हरला नावाच्या इसमाला त्याच कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालपत्रात स्पष्ट केले, की बंद दाराआड केलेला आणि कोणालाही न कळविलेला ठराव लोकांवर बंधनकारक ठरू शकत नाही. कायदा अंमलात येण्यापूर्वी तो कोणत्या तरी ओळखता येईल अशा रीतीने जाहीर होणे हे नैसर्गिक न्यायाला धरून आहे. हरला दोषमुक्त झाला. दंड पन्नास रुपयांचाच होता, परंतु त्या खटल्याने दिलेले तत्त्व अमोल आहे.

याच्या शेजारी मुंबईतील एक खटला ठेवून पाहावा. झुरिकहून मनिलाकडे निघालेल्या मायर हान्स जॉर्ज या प्रवाशाचे विमान २८ नोव्हेंबर १९६२ रोजी सांताक्रूझ विमानतळावर उतरले असता त्याच्याजवळ चौतीस किलो सोने सापडले. अशा सोन्याविषयी निर्बंध घालणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना अवघ्या चार दिवसांपूर्वी, २४ नोव्हेंबरला, भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली होती. परदेशातून येणाऱ्या माणसाला ती कशी ठाऊक असावी, असा प्रश्न उभा राहिला. उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र बहुमताने त्याला दोषी ठरविले. राजपत्रातील प्रसिद्धी पुरेशी आहे, असे ठरले.

हे दोन निकाल एकत्र वाचले म्हणजे नागरिकाची स्थिती ध्यानात येते. प्रसिद्ध न झालेला कायदा त्याच्यावर लादता येत नाही. पण राजपत्रात एकदा छापून आला, की त्याने तो वाचला असो वा नसो, त्याला बांधतो. म्हणजे राजपत्र कोणाच्या हाती पडते, या प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून आहे. अनेक दशके ते मोठ्या शहरांतील विक्री केंद्रांत, शासकीय कार्यालयांत व निवडक ग्रंथालयांत मिळत असे. खेड्यातील शेतमजुराला ते कायद्याने उपलब्ध होते, प्रत्यक्षात नव्हते.

शिळेवरचा लेख आणि बंद ठेवलेले ग्रंथ

नियम ज्यांना लागू आहेत त्यांना ते कळले पाहिजेत, ही जाणीव या भूमीला नवी नाही. भिक्खुसंघ दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी एकत्र जमून पातिमोक्खाचे पठण करतो. ज्याने नियम पाळावयाचे तो प्रत्येक जण ते नियम पुनःपुन्हा स्वतःच्या कानांनी ऐकतो. सम्राट अशोकाने आपले आदेश शिळांवर व स्तंभांवर कोरविले ते प्रायः लोकांच्या प्राकृत बोलीत. वायव्येकडे कंदाहार येथे तेच ग्रीक व अरामी भाषांत कोरविले. कलिंगातील धौली व जौगड येथील स्वतंत्र लेखांत तो नगरातील न्यायाधिकाऱ्यांना बजावतो, की कोणालाही विनाकारण बंधन वा छळ होऊ नये. आणि हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकविला जावा, मधल्या काळात एकट्यादुकट्यालाही ऐकविता यावा, असेही सांगतो. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. त्या काळी बंदर असलेल्या या गावी, जेथे माणसांची वर्दळ होती तेथे, राजाचे शब्द उघड्यावर उभे होते.

याच भूमीने उलट रीतही पाहिली. समाजातील मोठ्या वर्गाचे जीवन ज्या ग्रंथांच्या आधारे बांधले गेले, ते ग्रंथ वाचण्याचाच नव्हे तर ऐकण्याचाही अधिकार त्या वर्गाला नाकारण्यात आला. ज्याला नियम वाचता येत नाही, त्याला नियम सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. सांगणारा जे सांगेल तोच नियम ठरतो. बंद ग्रंथाचे खरे सामर्थ्य त्यातील शब्दांत नसते, तो बंद असण्यात असते.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना कागदोपत्री खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तरीही तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह तेथे गेले, ओंजळभर पाणी प्याले, आणि कागदावरचा ठराव जमिनीवर आला. त्यानंतर दावा झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निर्णय दिला. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादिकाळापासून चालत आलेली प्रथा वादींना सिद्ध करता आली नाही, असा तो निर्णय होता. बाबासाहेब बॅरिस्टर होते. ठराव काय म्हणतो आणि प्रथा सिद्ध करण्यासाठी काय लागते, हे त्यांनी मुळातून वाचले होते. आपल्या समाजाच्या लढ्यात वाचनाचे स्थान हे असे आहे.

राजपत्रापासून अद्ययावत पाठापर्यंत

विधेयक संसदेत संमत होते, राष्ट्रपतींची अनुमती मिळते आणि अधिनियम राजपत्रात प्रसिद्ध होतो, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्रातील प्रसिद्धीला छापील राजपत्राइतकीच मान्यता दिली. २०१५ पासून केंद्र शासनाचे राजपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच निघते आणि कोणालाही पैसे न देता उतरवून घेता येते. हा फार मोठा बदल आहे. आमच्या विद्यालयाच्या खोलीत रात्री नऊ वाजता आम्ही जे करू शकलो, ते वीस वर्षांपूर्वी आम्हांस करता आले नसते.

परंतु केवळ राजपत्र मिळून भागत नाही. सुधारणा करणारा अधिनियम पूर्ण कायदा पुन्हा छापत नाही. अमुक कलमातील अमुक शब्दांऐवजी अमुक शब्द दाखल करावेत, तमुक कलमानंतर नवे कलम घालावे, अशा सूचनांची ती यादी असते. मूळ अधिनियम हाती घेऊन, त्यावर पहिली सुधारणा, मग दुसरी, मग तिसरी असे करीत गेल्यावरच आजचा कायदा तयार होतो. अत्याचार प्रतिबंध अधिनियमाचेच पाहा. मूळ अधिनियम १९८९ चा. २०१५ साली त्यात व्यापक सुधारणा झाल्या व त्या २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आल्या. पीडितांचे व साक्षीदारांचे हक्क सांगणारे कलम १५-क त्यांतूनच आले. २०१८ साली पुन्हा सुधारणा होऊन कलम १८-क दाखल झाले. ज्याच्या हाती १९८९ ची पुस्तिका आहे, त्याच्या लेखी ही दोन्ही कलमे अस्तित्वातच नाहीत.

याहून मोठे उदाहरण फौजदारी कायद्यांचे आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आणि १८७२ च्या पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. खुनाच्या शिक्षेचे तीनशे दोन हे कलम आता एकशे तीन झाले. प्रथम खबर नोंदविण्याचे कलम १५४ होते, ते १७३ झाले. ज्या दिवशी हे घडले, त्या दिवशी गावोगावची अनेक पुस्तके एकाच वेळी जुनी झाली.

म्हणून सुधारणा मिसळून तयार केलेला अद्ययावत पाठ शासनानेच उपलब्ध करून देणे अत्यावश्यक ठरते. केंद्र शासनाच्या विधी व न्याय मंत्रालयाच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर केंद्रीय अधिनियम आणि राज्यांचे अधिनियम कलमवार पाहता येतात. कित्येक ठिकाणी त्या त्या कलमाखालील नियम व अधिसूचनाही जोडलेल्या आढळतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांना आपणहून माहिती प्रकट करण्यास सांगते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमाचा संकेतस्थळावरील पाठ नीट वाचता येत नाही, अशी तक्रार विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याने केंद्रीय माहिती आयोगाकडे नेली. आयोगाने अद्ययावत कायदे उपलब्ध करून देणे हे शासनाचे कर्तव्य मानले आणि २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानेही सुधारित अधिनियम लोकांना संकेतस्थळावर मिळाले पाहिजेत, हे म्हणणे उचलून धरले. एका विद्यार्थ्याच्या अर्जाने काय घडू शकते, हे आमच्या मुलांनी लक्षात ठेवावे.

कायद्याच्या शब्दांवर मालकी कोणाची?

येथे एक सहज न सुचणारा प्रश्न उभा राहतो. पुस्तकाच्या शब्दांवर लेखकाचा स्वामित्वहक्क असतो, तसा कायद्याच्या शब्दांवर कोणाचा असतो? भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ अन्वये शासकीय लेखनाचा पहिला स्वामी शासन असते. तथापि त्याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये सवलती आहेत. राजपत्रातील मजकूर पुनर्मुद्रित करता येतो, मात्र त्यातून अधिनियम वगळलेले आहेत. अधिनियम छापावयाचा तर त्यासोबत भाष्य किंवा अन्य मूळ मजकूर असावा लागतो. न्यायालयाचा निर्णयही, न्यायालयाने मनाई केली नसेल तर, कोणालाही छापता येतो. लोकप्रतिनिधींनी लोकांसाठी केलेल्या कायद्याच्या निव्वळ पुनर्मुद्रणावर अशी अट असावी का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. कायदा हा ज्यांच्यावर चालतो त्यांचाच असावा, असे आमचे मत आहे.

निर्णयांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात रेषा आखून दिली. प्रकाशकाने स्वतःच्या बुद्धीने तयार केलेली टिपणे व मांडणी यांवर त्याचा हक्क राहतो. न्यायाधीशांनी दिलेला मूळ निर्णय मात्र सर्वांचा आहे. त्यानंतर लवकरच, जानेवारी २००८ मध्ये, सुशांत सिन्हा या संगणक अभियंत्याने ‘इंडियन कानून’ हे शोधयंत्र सुरू केले. अधिनियमाची कलमे आणि त्यांचा अर्थ लावणारे निर्णय एकमेकांस जोडून दाखविणारे हे विनामूल्य साधन आज वकील, विद्यार्थी आणि सामान्य पक्षकार असे सारेच वापरतात.

ही चळवळ जगभरची आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९२ साली विधी माहिती संस्था सुरू झाली. ऑस्ट्रेलियात १९९५ साली सिडनीतील दोन विद्यापीठांनी मिळून देशातील कायदे व निर्णय विनामूल्य खुले केले. २००२ साली माँट्रियल येथे अशा संस्थांनी एकत्र येऊन एक जाहीरनामा संमत केला. सार्वजनिक विधी माहिती ही मानवजातीची सामाईक संपत्ती आहे, हा त्याचा गाभा होय. सामाईक पाणवठ्याची कल्पना महाडच्या वारसदारांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

भाषेची भिंत

आमच्या गोष्टीतील राजपत्र त्या माउलीला दाखविले असते, तरी तिला ते वाचता आले नसते. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ अन्वये, संसद अन्य तरतूद करेपर्यंत, सर्वोच्च व उच्च न्यायालयांतील कामकाज आणि अधिनियमांचे प्राधिकृत पाठ इंग्रजीत असतात. तथापि मराठीची वाट बंद नाही. प्राधिकृत पाठ (केंद्रीय कायदे) अधिनियम, १९७३ अन्वये राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला केंद्रीय कायद्याचा प्रादेशिक भाषेतील अनुवाद हा त्या भाषेतील प्राधिकृत पाठ मानला जातो. म्हणजे असा मराठी पाठ हा नुसता मदतनीस अनुवाद नसतो. तो कायद्याचाच पाठ असतो. अडचण एवढीच, की मूळ अधिनियम सुधारला जातो त्या वेगाने मराठी पाठ सुधारला जात नाही.

निर्णयांच्या बाबतीत अलीकडे आशादायक पावले पडली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली आपले प्रकाशित निर्णय विनामूल्य संगणकीय स्वरूपात खुले केले, आणि अनुवादाच्या आज्ञावलीच्या साहाय्याने निवडक निर्णय मराठीसह अनेक भारतीय भाषांत देण्यात येतात. कायदेशीर प्रयोजनासाठी इंग्रजी पाठच ग्राह्य राहतो. पण समजून घेण्यासाठी मराठी पाठाचे मोल मोठे आहे.

महाराष्ट्र शासनाच्या कामकाजात मराठीचा वापर असल्यामुळे शासन निर्णय मराठीतच निघतात आणि शासनाच्या संकेतस्थळावर ठेवले जातात. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक संगणक संकेतांक दिलेला असतो. तो टाकून मूळ प्रत काढता येते. शिष्यवृत्ती, वसतिगृह प्रवेश, निर्वाह भत्ता यांसंबंधीच्या कित्येक बाबी अशा निर्णयांनीच ठरतात. तरीही जुने मराठी दस्तऐवज शोधताना निराळीच अडचण येते. कित्येक कागद केवळ छायाचित्रासारखे चढविलेले असतात, तर कित्येक जुन्या टंकांत असल्याने त्यांतील शब्द शोधयंत्राला ओळखता येत नाहीत. डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राला दिसत नाही. दृष्टिहीन व्यक्तीला वाचून दाखविणारी आज्ञावलीही तेथे मुकी होते. युनिकोडमध्ये, शोधता येईल असा मजकूर देणे हे म्हणूनच तांत्रिक सोपस्कार नसून हक्काची बाब आहे. माहितीचा अधिकार अधिनियमाचे कलम ४ माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा विचारात घेण्यास सांगतेच.

वाचताना घ्यावयाची काळजी

संगणकावर दिसणारा प्रत्येक मजकूर विश्वासार्ह नसतो. भ्रमणध्वनीवर फिरणारे कायद्याचे सारांश तर पुष्कळदा चुकीचे असतात. म्हणून कोणताही कायदा वाचताना पाच गोष्टी तपासाव्यात, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो.

पहिली, अधिनियमाचे पूर्ण नाव व वर्ष. सारख्या नावांचे अनेक अधिनियम असतात. दुसरी, तो अंमलात आल्याचा दिनांक. संमत होणे आणि अंमलात येणे यांत कधी कधी महिन्यांचे, कधी वर्षांचे अंतर असते. तिसरी, शेवटची सुधारणा. पाठाखालील तळटीपांत कोणते शब्द केव्हा बदलले याची नोंद असते. तसेच महाराष्ट्रापुरती वेगळी सुधारणा आहे काय, हेही पाहावे. चौथी, त्या अधिनियमाखालील नियम. अधिनियम हक्क सांगतो. किती रक्कम, किती दिवसांत, कोणाकडे, हे बहुधा नियमांत असते. पाचवी, कलमातील परंतुक व स्पष्टीकरण. कलमाचा पहिला भाग जे देतो ते परंतुक मर्यादित करू शकते. म्हणून अर्धे कलम वाचून निष्कर्ष काढू नये.

उद्धृत करताना शक्यतो राजपत्राची किंवा शासनाच्या संकेतस्थळावरील प्रत जोडावी आणि ती कोणत्या दिवशी काढली तेही लिहावे. त्या माउलीच्या अर्जाचे काम राजपत्राच्या दिनांकानेच झाले, हे विसरू नये.

वाचनाच्या पुढे

कायदा वाचता आला म्हणजे न्याय मिळालाच, असे आम्ही म्हणत नाही. बोले ठरावानंतरही चवदार तळे बंदच होते. वस्तीत वीज नसेल, हाती यंत्र नसेल, अक्षरओळख नसेल, तर संकेतस्थळ हेही एक बंद कपाटच आहे. शिवाय कलम वाचणे आणि खटला चालविणे या निराळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी वकिलाची मदत घ्यावीच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, दिव्यांग आदींना विनामूल्य विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या न्यायालयांत तिची व्यवस्था असते आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. गुन्ह्याची खबर देणाऱ्याला व पीडिताला प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते, हेही नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेले आहे. ज्याला हे ठाऊक आहे तो प्रत मागतो. ज्याला ठाऊक नाही तो ठाण्यातून रिकाम्या हाताने परततो.

म्हणून निवासी विद्यालयासारख्या संस्थेचे काम येथे सुरू होते. आमची मुले ज्या वस्त्यांतून येतात, तेथे घरातील पहिले वाचणारे माणूस पुष्कळदा तेच मूल असते. सुटीत घरी गेल्यावर आईवडिलांचे कागद तेच वाचते, अर्ज तेच लिहिते. त्याला कलम शोधता आले, दिनांक पाहता आला आणि साध्या मराठीत चार ओळी समजावून सांगता आल्या, तर एका घराचेच नव्हे तर एका वस्तीचे काम होते. २०१७ च्या त्या प्रसंगानंतर आम्ही ग्रंथालयात महिन्यातून एक तास यासाठी राखून ठेवला. मुले गावाकडून प्रश्न आणतात, आम्ही मिळून मूळ पाठ शोधतो, आणि सापडलेले उत्तर दिनांकासह एका वहीत उतरवून ठेवतो. कधी उत्तर हवे तसे नसते. मागणी कायद्यात बसत नाही, असेही वाचावे लागते. तेही ठाऊक असणे बरे. व्यर्थ हेलपाटे तरी वाचतात.

त्या वहीच्या पहिल्या पानावर त्या माउलीच्या अर्जासाठी केलेला मराठी उतारा चिकटविलेला आहे. तिचा मुलगा पुढे दहावी उत्तीर्ण होऊन गेला. जाण्यापूर्वी त्याने त्या वहीत स्वतःच्या हाताने एक नोंद केली. गावातील एका वृद्धाच्या निवृत्तिवेतनाविषयीचा शासन निर्णय त्याने शोधला होता आणि खाली त्याचा संगणक संकेतांक सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवला होता. ती वही ग्रंथालयातील मेजावर उघडी असते. माजी विद्यार्थ्यांनी विद्यालयास भेट द्यावयास यावे तेव्हा ती जरूर पाहावी, आणि आपल्या गावचा एखादा प्रश्न तीत लिहून जावा, अशी आमची विनंती आहे.